मर्सीला घेऊन रोह्याला

रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमीला माझी थोरली बहीण राहते. दर जानेवारीत रत्नाताईचा फोन येतो, "वालाच्या शेंगा भरल्यात, कधी येतेस?" यंदा मी म्हटलं, "येते, पण बरोबर एक मैत्रीण आहे." "मग आण की तिला," ताई म्हणाली. मैत्रीण आफ्रिकेतल्या मलावी देशाची आहे हे वेगळं सांगावं, असं माझ्या मनातही आलं नाही.

मर्सी पुण्यात नर्सिंगचं पुढचं शिक्षण घेते आणि आमच्या चर्चच्या गायनमंडळात माझ्या शेजारी उभी राहून गाते. मराठी ती पेशंटांकडून शिकली. "कुठं दुखतंय?" आणि "घाबरू नका" ही दोन वाक्यं तिच्या तोंडी अगदी घरच्यासारखी वाटतात. मला ती मावशी म्हणते.

शनिवारी सकाळी स्वारगेटला अलिबागची एसटी पकडली. तिघांच्या बाकावर आम्ही दोघी होतो. गाडी भरली, माणसं उभी राहिली, पण मर्सीशेजारची जागा रिकामीच. मी अस्वस्थ झाले. ती मात्र हसून म्हणाली, "रोजचंच आहे, मावशी. पाय पसरायला मिळतात."

खोपोलीला डोक्यावरून ओढणी घेतलेल्या एक वयस्कर बाई चढल्या. पेणजवळच्या गावातल्या कोकणी मुसलमान. "सरक गो बाय जरा," म्हणत त्यांनी मर्सीशेजारी बसकण मारली आणि पिशवीतली बोरं तिच्या ओंजळीत घातली.

"माझा लेक सौदीला हाय," त्या म्हणाल्या. "त्याच्या खोलीत तुझ्यासारखी दोन पोरं ऱ्हातात. ईदला सगळी एकाच ताटात जेवतात. फोटो धाडतो मला."

पेण येईपर्यंत दोघींनी फोनवर एकमेकींचं सगळं घरदार बघून टाकलं.

पेणला उतरलो ते मिठासाठी. मर्सीचा देश समुद्रापासून लांब, त्यामुळे मीठ कसं तयार होतं ते तिला बघायचं होतं. रिक्षा करून धरमतरच्या खाडीकडे गेलो. मिठागरात वाफ्यावाफ्यांतून उथळ पाणी आरशासारखं पडलं होतं. कडेला पांढऱ्या मिठाच्या लहान राशी होत्या. लांबून एक मालवाहू बार्ज सावकाश धक्क्याकडे येत होती. बांधावर काम करणाऱ्या एका बाईने मर्सीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सरळ विचारलं, "तुज्या मुलकात मीठ पिकतं काय?"

"मोठं तळं आहे. पण पाणी गोडं," मर्सी म्हणाली.

"अगो बाय! मंग समदं इकत आणता?" बाईला तिची मनापासून कीव आली. तिने राशीतलं मूठभर मीठ पिशवीत घालून दिलं. "घे. खाऱ्या पान्याची चव घरी ने."

पेणच्या बाजारात मी पोह्याचे पापड घेत होते. इतक्यात मर्सीचा आनंदाने ओरडण्याचा आवाज आला. ती सुक्या मासळीच्या टोपल्यांपुढे उभी होती. त्यांच्या तळ्यातले बारीक मासे अस्सेच वाळवतात म्हणे. उसिपा म्हणतात त्यांना. डोळे मिटून तिने वास घेतला आणि आईची आठवण काढली. पुढे रोह्याच्या गाडीचं चाक गडब गावापाशी पंक्चर झालं. रस्त्याकडेच्या टपरीत चहा पीत, कापणी झालेल्या भातखाचरांकडे बघत तासभर काढला.

ताईने दार उघडलं, मला मिठी मारली आणि मर्सीकडे बघून क्षणभर थबकली. मग तिचाही हात धरून आत घेतलं. सॅम्युएल भाऊजी मात्र झोपाळ्यावरून उठून थेट स्वयंपाकघरात गेले आणि तिथून त्यांनी मला हाक मारली.

भाऊजी माझे लाडके. धाटावच्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत आणि इथल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत वडील, म्हणजे ज्येष्ठ कारभारी, म्हणून जबाबदारी घेतात. कोणी आजारी पडलं की रिक्षा घेऊन पहिले हेच हजर. तेच आता आवाज खाली करून म्हणत होते, "अगं, सांगायचं तरी. बिल्डिंगीतले लोक काय म्हणतील? टीव्हीवर काय काय दाखवतात या लोकांचं. पुलापलीकडं लॉज आहे, चांगला आहे. तिची सोय तिथं करू."

"मग मीही तिथंच जाते," मी म्हटलं.

"रागावू नकोस."

"रागावत नाही, भाऊजी. पण तिला एकटीला पाठवणार नाही."

पिशव्या घेऊन आम्ही कुंडलिका नदीचा पूल ओलांडला. लॉजवाल्याने मर्सीचा पासपोर्ट बघितला आणि मान हलवली. "फॉरेनरला ठेवायची परवानगी नाय आमच्याकडं, मॅडम."

परत येताना पुलाच्या मध्यावर मर्सी थांबली. खाली नदीवर संध्याकाळचं ऊन होतं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"मावशी, मी पुण्याला परत जाऊ?"

"का गं?"

"स्वयंपाकघरातलं मला सगळं ऐकू आलं. मला मराठी कळते, हे लोक विसरतात." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "बसमधल्या लोकांचं मी मनाला लावून घेत नाही. पण हे घर प्रार्थना करणारं आहे ना?"

तेवढ्यात समोरून रत्नाताई येताना दिसली. घरातल्याच सपाता, पदर कमरेला खोचलेला, धाप लागलेली. जवळ येऊन तिने मर्सीच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"मी भात लावलाय सगळ्यांचा. माझ्या घरात कोण झोपणार ते मी ठरवणार. चल, पोरी."

रविवारी सकाळी ताईने फुलाफुलांच्या कपांतून चहा आणला. पण भाऊजींनी त्यातला एक कप बाजूला केला आणि मर्सीचा चहा एका जुन्या स्टीलच्या पेल्यात ओतला. चहा झाल्यावर तो पेला विसळून मागच्या खिडकीत वेगळा ठेवला. मर्सी तेव्हा साडी नेसायला आतल्या खोलीत गेली होती. ताईची साडी नेसून देवळात, म्हणजे चर्चला, यायची तिची हौस होती.

ताईने तो पेला खिडकीतून उचलला. आवाज न चढवता ती म्हणाली, "मामंजींना गावच्या हॉटेलात चहा कशात मिळायचा, आठवतं? कान तुटलेला कप. स्वतः धुवायचा आणि बाहेरच्या कोनाड्यात ठेवायचा. हे सांगताना ते म्हातारपणीसुद्धा रडायचे. तुमच्याच मांडीवर डोकं ठेवून."

भाऊजींनी अंगात शर्ट घातला आणि ते एकटेच पुढे निघून गेले.

इथलं देऊळ म्हणजे दुकानांच्या वरचा एक हॉल. सतरंज्या, एक पेटी, एक ढोलकी. मंडळी लहानशीच. बहुतेक कंपनीच्या नोकरीपायी इथे आलेली, काही इथलीच. त्या दिवशी पनवेलहून पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले होते आणि प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा विधी. भाकर वाटून झाली. मग भाऊजी प्याला घेऊन रांगेतून फिरू लागले. आमच्यात एकाच प्याल्यातून सगळे पितात. माझ्यापाशी आले, मी घोट घेतला. मग ते मर्सीपुढे उभे राहिले आणि तसेच थांबले.

पेटी थांबली. सगळे बघू लागले. भाऊजींनी प्याला पाळकांच्या हाती दिला.

"पाळकसाहेब, मला हा असाच पुढं देता यायचा नाही," ते म्हणाले. मग मर्सीसमोर सतरंजीवर गुडघे टेकून बसले. "पोरी, काल मी तुला दारातून माघारी पाठवलं. आज सकाळी तुझा पेला वेगळा ठेवला. माझ्या बापानं जे सोसलं तेच मी तुझ्या वाट्याला दिलं, आणि वर इथं वडील म्हणून उभा राहिलो. मला क्षमा कर."

मर्सी म्हणाली, "मला फार लागलं. खोटं बोलणार नाही. रात्री मी प्रार्थना करायला बसले, तर शब्दच येईनात." तिने डोळे पुसले. "पण तुम्ही इतक्या लोकांसमोर खाली बसलात. उठा, भाऊजी."

माझं ऐकून तीही त्यांना भाऊजी म्हणत होती. मागून रत्नाताई रडत रडतच म्हणाली, "अगं, काका म्हण!" आणि सगळा हॉल हसला. त्या हसण्यातच मर्सीने पाळकांच्या हातून प्याला घेऊन घोट घेतला. भाऊजींनी तोच प्याला तिच्या हातून घेतला आणि तिच्यापाठोपाठ ओठांना लावला.

भक्ती संपल्यावर बायांनी मर्सीला घेरलं. एकीने तिच्या बारीक वेण्यांना हात लावून विचारलं, "ह्या घालाया किती येळ लागतो गो?" मर्सीने पदर सावरत, फुशारकीने सगळं सांगितलं.

दुपार कलल्यावर मंडळीतल्या एकाच्या शेतात पोपटी लावली (मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरून ते उपडं ठेवून भोवती जाळ करतात). मर्सीने मिठागरातलं मीठ शेंगांना चोळलं. भाऊजी काठीने जाळ सारखा करत तिला मलावीतल्या शेतीचं विचारत होते. मडकं फोडलं तेव्हा धुरकट, हिरवा वास सुटला. भाऊजींनी गरम शेंगा सोलून दाणे आधी तिच्या पानावर घातले. मग तिने तिच्या भाषेतलं एक भजन म्हटलं. शब्द कोणालाच कळत नव्हते, पण दुसऱ्या कडव्याला ढोलकी बरोबर जुळली.

सोमवारी निघताना जिन्यात शेजारी भेटले. "पाहुण्या कुठल्या?" त्यांनी मर्सीकडे बघत विचारलं. भाऊजींचे कान लाल झाले. पण ते थांबून म्हणाले, "आमच्या घरच्याच आहेत. नर्स आहे आमची पोरगी."

एका रविवारात माणूस आरपार बदलतो, असं मला वाटत नाही. लोक काय म्हणतील ही भीती भाऊजींच्या मनात अजून असणार. पण जिथे आपण भाऊ-बहीण म्हणून एकत्र बसतो, तिथे ही भीती लपवून ठेवता येत नाही, हे मी अष्टमीला पाहिलं. तिथे ती कोणाला तरी बोलून दाखवावी लागते, आणि दुसऱ्या कोणाला तरी ती ऐकून घेऊन क्षमा करावी लागते. दोन्ही सारखीच कठीण.

परवा भाऊजींचा फोन आला. ईस्टरला या म्हणाले. मी सांगितलं, यंदा मला जमेलसं वाटत नाही.

"तुझं राहू दे मग," ते म्हणाले. "मर्सीला गाडीत बसवून दे. स्टँडवर मी उभा राहतो."