उस्मानभाईंचा ससा

उस्मानभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुवेतमध्ये, अहमदीतल्या आमच्या ऑफिसात कंत्राटदाराच्या एका बिलावरून एकाला झापत होतो. फोनवर त्यांचा मुलगा सलीम होता. "चाचा, अब्बा उठत नाहीत," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "उठत नाहीत म्हणजे काय? पाणी मार तोंडावर." अशा वेळी माणूस असा मूर्खासारखा बोलतो... गाडी काढून बनेद अल-गारला ते राहायचे त्या घरी पोचलो, तर बाबा अंगणात अनवाणी बसले होते आणि माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. बाबा म्हणजे उस्मानभाईंचे कफील. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आपला इथला परवाना असतो तो मालक, त्याच्या सहीशिवाय आपण आलो नाही आणि सुटतही नाही. बाबांनी सगळी कागदपत्रं भराभर करून घेतली आणि त्याच दिवशी दुपारच्या नमाजानंतर दफनही झालं. राजापूरच्या खाडीकाठी बसलेल्या जैनबभाभींनी नवऱ्याचा चेहरा सलीमच्या मोबाइलवर शेवटचा पाहिला. मय्यत गावाला न्यायची का, असं मी सलीमला हळूच विचारलं होतं. पण बाबा म्हणाले, "माझा माणूस आहे, माझ्या माणसांजवळ राहील." सलीमने मान डोलावली. मला फार राग आला त्या दिवशी, आणि राग धरावा असं समोर कुणी नव्हतं, हे त्याहून वाईट.

आमची ओळख अब्बासियातल्या एका वाणसामानाच्या दुकानात झाली. मी आमसुलांची पिशवी नाकाला लावून ती खरी की खोटी ते बघत होतो, आणि मागून आवाज आला, "ठेवा ती. त्यातलं एक तरी कोकणात पिकलं असेल तर माझं नाव बदला." वळून पाहिलं तर उंच, हाडकुळा, दाढीला मेंदी लावलेला माणूस. दोघेही राजापूर तालुक्यातले निघालो, मग काय विचारता. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, त्यामुळे मी उस्मानभाई म्हणायचो आणि ते मला सरळ अनंता. ते बाबांचे ड्रायव्हर होते, पण स्वतःला ड्रायव्हर म्हणवून घेत नसत. "गाडी कोणीही चालवतो रे," म्हणायचे, "मी कोल्हा आणतो." माणूस बढाईखोर होता, उगाच खोटं कशाला सांगू. गावच्या खाडीत पकडलेला मासा दर वेळी वीतभर वाढायचा. पण कोल्ह्याच्या बाबतीत त्यांनी सांगितलेलं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

बाबांचं वाळवंटात एक जाखूर होतं, म्हणजे मेंढ्यांचा गोठा आणि शेजारी तंबू. थंडी पडली की शुक्रवारी पहाटे बाबा आणि उस्मानभाई तिकडे जायचे, आणि पुढे पुढे मलाही न्यायला लागले. पूर्वी बंदूक असायची. नियम कडक झाले तशी ती घरी राहिली आणि तिच्या जागी दुर्बीण आली, पण बाबा त्याला शिकारच म्हणत. झुडपाआड बसून उस्मानभाई तळहाताची मागची बाजू ओठांना लावायचे आणि दातांतून हवा आत ओढत ससा काढायचे. कुणाच्या तावडीत सापडलेल्या सशाचा आवाज, कोल्ह्याला बोलवायला. ज्यानं तो आवाज कधी ऐकला नाही त्याला काय सांगू... तान्ह्या पोराला चिमटा काढल्यासारखं, मध्येच तुटणारं, पुन्हा जीव एकवटून उठणारं रडणं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्यांच्या दंडाला धरून म्हटलं होतं, "पुरे हो." त्यांनी हात झटकला आणि नंतर दिवसभर माझी टर उडवली.

त्या आवाजावर आधी कोल्हा येत नाही, पाखरं येतात. हे मला तिथेच कळलं. पहिल्यांदा चंडोल गप्प होतात. सकाळभर जमिनीवर चिवचिवत धावणारी ती पाखरं तुरा ताठ करून जागच्या जागी उभी राहतात. मग एखादा खाटीक पक्षी झुडपाच्या शेंड्यावर येऊन शेपटी हलवत खरखर बोलायला लागतो, जणू कुणाच्या परवानगीने हा गोंधळ चाललाय असं विचारतोय. कधी लांबून भोवत्या हा शिकारी पक्षी येतो, जमिनीलगत तरंगत, आणि ससा दिसत नाही म्हणून दोनदा फिरून निघून जातो. आणि कावळे. कुवेतमध्ये कावळे किनाऱ्याला, जहाजांवरून आपल्याकडूनच आलेले म्हणतात, राखाडी मानेचे. पण जाखूरच्या उकिरड्यावर त्यातले चार-पाच येऊन राहिले होते. उस्मानभाई त्यांना "आपले गाववाले" म्हणायचे. ते म्हणायचे, "बाकीची पाखरं ससा बघायला येतात. कावळा मारणारा बघायला येतो." कावळे आले, गप्प राहून वर गोल फिरायला लागले, की लांब उभ्या कोल्ह्याचा विश्वास बसतो की खरंच कुणीतरी मरतंय. मग तो निघतो. वाटेत ज्या झुडपावर कावळे ओरडत वरखाली करतात त्याच्या खाली तो असतो, दुर्बीण तिकडे लावायची. पण तेच कावळे आपल्या डोक्यावर येऊन ओरडले, की समजायचं खेळ संपला. त्यांनी माणूस पाहिला, आता पंचक्रोशीला कळलं. म्हणून बसल्यावर हलायचं नाही. एकदा मी नाक खाजवलं तर उस्मानभाईंनी मला अशी शिवी दिली की बाबांनी तिचा अर्थ विचारला.

कोल्हा समोर आला की बाबा मांडीवर थाप मारायचे आणि लहान मुलासारखे हसायचे. त्यांचे स्वतःचे मुलगे वाळवंटात यायला तयार नसत, त्यांना धूळ सोसत नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आठवड्यातला तो एक शुक्रवार म्हणजे त्यांचं सगळं सुख, आणि ते उस्मानभाईंच्या ओठांवर होतं. इथेच सगळा गुंता होता. उस्मानभाईंना कायमचं घरी जायचं होतं. खाडीकाठी घर बांधलेलं, कलमं धरलेली, जैनबभाभी एकट्या, आणि हे सुट्टीचे पाहुणे. एकदा मला म्हणाले, "माझ्याच घरात रात्री उठलो की दिव्याचं बटण सापडत नाही रे अनंता." मी म्हटलं, मग सांगून टाका की बाबांना. ते म्हणायचे, "कसं सांगू?" फार पूर्वी त्यांच्या गाडीखाली एक माणूस सापडला होता, तेव्हा बाबांनी दिवसरात्र पोलिसठाण्यात बसून त्यांना सोडवून आणलं होतं. सलीमला आपल्याच दुकानात लावलं होतं. सुट्टीवर जाताना बाबा स्वतः विमानतळावर सोडायला यायचे, हात हातात घेऊन विचारायचे, "थंडीच्या आधी येशील ना?" आणि हे भिडेपोटी शब्द देऊन बसायचे. दिलेला शब्द मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं आणि मोकळं कर म्हणणं जिभेवर येत नव्हतं. मी तापट माणूस, मी म्हणायचो, मी बोलतो त्यांच्याशी. "तू तोंड उघडलंस तर तुझं-माझं संपलं," असं त्यांनी मला बजावलं होतं, आणि तसं म्हणताना ते हसत नव्हते.

मग एका थंडीत त्यांनी आपल्या परीने वाट काढली. आम्ही नेहमीसारखे बसलो, त्यांनी ससा काढला, चंडोल गप्प झाले, कावळे आले... आणि उस्मानभाईंनी हात वर करून माशी हाकलली. त्या गारठ्यात माशी कुठली? कावळे तिरके झाले, आमच्या डोक्यावर आले आणि त्यांनी जो कल्ला केला तो बाबांच्या कमी ऐकणाऱ्या कानांनाही ऐकू गेला. लांब टेकाडावर कोल्हा दिसला होता, तो वळला. पुढच्या शुक्रवारी ते झुडपाऐवजी उघड्यावर बसले. त्याच्या पुढच्या वेळी भर हाकेत खोकले. मी नुसता बघत राहिलो. परतताना पेट्रोलपंपावर बाबा चहा आणायला उतरले तेव्हा मी विचारलं, "हे काय चाललंय?" म्हणाले, "ज्याच्याकडे कोल्हा येत नाही असा माणूस ठेवून काय करणार ते? आपणच म्हणतील, उस्मान, म्हातारा झालास, जा घरी. मला मागायला नको, त्यांना नाही म्हणायला नको." मला पटलं. खरं सांगतो, मला ती युक्ती फार आवडली. जे तोंडाने निघत नव्हतं ते कावळ्यांकडून वदवून घ्यायचं, असं फक्त आमच्याकडच्या माणसालाच सुचेल.

सगळी थंडी कोल्ह्याविना गेली. शेवटच्या शुक्रवारी परत येताना बाबांनी गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला लावली. त्यांना हिंदी बरं येतं, मुंबईशी व्यापार करणाऱ्या घरातले. म्हणाले, "उस्मान, तुझा हात कापतो, खोकला थांबत नाही. मी बघतोय. तुला वाटतं मी तुला काढीन, म्हणून तुझी झोप उडाली आहे." उस्मानभाई स्टीअरिंग धरून समोर बघत होते. बाबा पुढे म्हणाले, "कोल्हा गेला खड्ड्यात. मी जिवंत आहे तोवर तुझी खोली तुझी, तुझं जेवण तुझं. माझ्या पोरांनाही सांगून ठेवलंय. तुला या घरातून कुणी घालवू शकणार नाही." आणि हे बोलताना त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. उस्मानभाई वाकले, इथल्या पद्धतीप्रमाणे त्यांनी बाबांच्या खांद्याचं चुंबन घेतलं आणि गाडी सुरू केली. मी मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण आत कुठेच बघता येत नव्हतं. पुढच्या थंडीपासून ते पुन्हा नीट हाक द्यायला लागले. "आता निदान म्हाताऱ्याला कोल्हा तरी दिसू दे," म्हणाले. त्यानंतर घरी जाण्याचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढला की ते आमसुलांवर घसरायचे.

दफनाच्या दिवशी परत येताना सलीम गाडीत मला म्हणाला होता, "चाचा, मला जायचंय. अम्मी एकटी आहे, कलमं बघायला कुणी नाही. बाबांना कसं सांगू?" मी त्याच्याकडे बघितलं. तोच चेहरा, तीच मान खाली. म्हटलं, "थांब थोडे दिवस. आपण बघू."

गेल्या आठवड्यात बाबांनी आम्हा दोघांना बोलावलं. उस्मानभाईंची खोली त्यांच्या अंगणात भिंतीला लागून आहे. दार बंद होतं आणि आत एसी चालू होता. माणूस जाऊन इतके आठवडे झाले, तरी बाबा तो बंद करू देत नव्हते. दिवस अजून तापतात, खोली गरम होईल म्हणाले. चहा झाला, खजूर झाले आणि बाबा सलीमला म्हणाले, "थंडी येईल आता. तुझ्या बापाने तुला शिकवलं असेल ना?" सलीमने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी नाही म्हटलं. पण त्याचा हात ओठांकडे गेलाच. आणि ससा रडला. हुबेहूब. क्षणभर मला वाटलं की दार उघडून उस्मानभाई येतील... आले ते कावळे. समोरच्या खजुरीवरून एक, मग गच्चीवरून दोन, मग भिंतीवर रांगच. ओरडत नव्हते. माना वाकड्या करून सलीमकडे बघत होते. बाबांनी मांडीवर थाप मारली आणि रुमालाने डोळे पुसले. "तोच गळा," म्हणाले, "अल्लाने मला तो परत दिला."

मला राहवलं नाही. ज्याने मला गप्प बसवलं होतं तो माणूसच आता नव्हता. मी माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. माशी, उघड्यावर बसणं, खोटा खोकला. म्हटलं, "बाबा, त्यांना तुम्ही काढाल याची भीती नव्हती. तुम्ही काढत नाही याची होती." सलीम माझी बाही ओढत होता. बाबांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाले, "त्याने मला सांगायचं होतं." मी म्हटलं, "तुम्ही इतके चांगले होतात की त्यांना ते जमलं नाही." हे मी रागाने म्हटलं की मायेने, मला अजून ठरवता येत नाही.

बाबा काठी टेकत उठले. उस्मानभाईंच्या खोलीत गेले. आतून बटणाचा आवाज आला आणि इतके आठवडे अंगणात चाललेली ती घरघर थांबली. बाहेर येऊन त्यांनी दार सताड उघडं ठेवलं. आत खाट, खुंटीवर शाल, खिडकीत चपला. बाबा सलीमला म्हणाले, "तुझ्या बापाचं सगळं सामान बांध आणि आईकडे घेऊन जा. मी कागदावर सही करतो. जा, आणि तिथेच राहा." गरम हवा त्या दारातून आत शिरताना मला जाणवत होती. मी सलीमच्या पाठीवर हात ठेवला, मनात म्हटलं, सुटलं पोर.

सलीम पुढे झाला, त्याने बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "असं कसं बाबा, थंडीच्या आधी परत येतो मी."

त्याला कुणी विचारलंही नव्हतं.