बरणीची आतली बाजू

न्हाणीघरात कवड्या साप निघाला, तेव्हा गावातल्या सर्पमित्र सुनंदाताई आल्या आणि त्यांनी त्याला अलगद प्लॅस्टिकच्या बरणीत घेतलं.

"फुटणार नाही ना हो?" मी दारातूनच विचारलं.

"नाही. झाकणाला हवेची भोकं पाडलीत, तीसुद्धा आतून घासून घेतलीत. घाबरला की तोंड घासत राहतो बिचारा, सोलवटतं."

बरणी सुरक्षित म्हणजे माझ्यासाठी, एवढंच मी धरून चालले होते. बरणीच्या आतही कुणी भ्यालेलं असतं, हे मनात आलंच नव्हतं.

ताई वनखात्याला फोन करायला फाटकापाशी गेल्या. ओट्यावरच्या बरणीवर ऊन सरकत आलं. बंद प्लॅस्टिक किती लवकर तापतं! मी पुढे झाले आणि बरणी दोन्ही हातांनी उचलून सावलीत ठेवली.