दिव्यांच्या आडव्या रेघा

लातुरात औसा रोडला पोरानं तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. त्याच्या हॉलला मोठी सरकती काच आहे. समोर पेट्रोल पंप, रस्त्याचे दिवे, दुकानांच्या पाट्या. दिवे लागले की मी काचेपाशी खुर्ची टाकून बसते. दोन वर्षांखाली त्यातला एकही दिवा मला धड दिसेना. प्रत्येक दिव्याला दोन्ही बाजूंनी आडव्या रेघा फुटायच्या, मांजराच्या मिशांसारख्या. दिवसा काही नाही. मी ठरवून टाकलं, सून काच तेलकट फडक्यानं पुसते.

घट बसायला आठ दिवस होते. त्याआधी आमच्याकडं दसरा काढतात, म्हणजे घरातलं सगळं घासायचं, धुवायचं, झाडायचं. ते पुरं होईस्तोवर घरच्या बाईनं मुक्कामाला कुठं जायचं नाही, ही माझ्या सासूची रीत. पुढं ती माझी झाली.

त्याच आठवड्यात देगलूरला सुनेच्या आईला अर्धांगाचा झटका आला. तिच्या भावाचा फोन आला की आई बोलतीय, तुलाच विचारून राहिली, लवकर ये. सून पिशवी भरू लागली. मी म्हणाले, काच राहिली म्हणजे दसरा राहिला. पोरगं मोबाइलमध्ये बघत होतं. आई म्हणती तसं कर, एवढंच बोललं.

सुनेनं काच साबणाच्या पाण्यानं धुतली, वर्तमानपत्राच्या कागदानं कोरडी केली. संध्याकाळी रेघा तशाच.

"माहेरी असंच पुसतेत का गं?" मी विचारलं. "आईनं शिकवलं ते एवढंच का?"

तिची आई तिकडं अंथरुणात होती हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच बोलले.

दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी सून दिवे लागायची वाट बघत थांबली. लग्नाआधी ती शाळेत विज्ञान शिकवायची. ती नोकरी मीच सोडायला लावली होती.

"आत्याबाई, फडकं वरून खाली फिरवलं की काचेवर तेलाच्या बारीक उभ्या रेघा राहतात," ती म्हणाली. "त्यातून दिवा आडवा फाकतो. आता मी आडवं पुसते. काचेमुळं होत असंल तर तुम्हाला रेघा उभ्या दिसतील. तशाच राहिल्या तर काचेचा दोष नाही, डोळ्याचा आहे."

तिनं आडवं पुसलं. मी पंपाच्या दिव्याकडं बघत होते. रेघा जागच्या हलल्या नाहीत.

माझ्या थोरल्या जावेचे डोळे गेले होते. तिच्या सुना ताट पुढं सरकवायच्या आणि त्यात काय वाढलंय ते सांगायच्या नाहीत. ती बोटानं चाचपायची, तेव्हा त्या हसायच्या. मीही हसले होते.

"फिरल्या," मी म्हणाले. "उभ्या झाल्या बघ. पूस अजून नीट."

सुनेनं माझ्याकडं बघितलं, मग काचेकडं. ती नऊ वाजेपर्यंत पुसत राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं उदगीरवरून जाणारी गाडी धरली. ती पोचायच्या आदल्या रात्री आईला दुसरा झटका येऊन गेला होता. आईचे डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती. बारा दिवसांनी आई वारली. तोवर मी शेजारणींना सांगत फिरले की सून सणाला घर टाकून माहेरी बसली.

यंदा मला दिवसाही दिसेना, तेव्हा नांदेडला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर सुनेसमोरच म्हणाले, मोतीबिंदू जुना आहे, दोन-तीन वर्षं आजींना दिवे फाकलेले दिसत असणार.

बाहेर बाकड्यावर सुनेनं विचारलं, "त्या दिवशी रेघा फिरल्या नव्हत्या ना?"

"न्हाई," मी म्हणाले.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तरी मी पुसत बसले."

ती रडली नाही. मी माफी मागितली नाही, अन् तिनं ती मागायलाही लावली नाही.

ऑपरेशन झालं. दिवसातून चार वेळा सून माझ्या डोळ्यात औषध घालते, घड्याळ बघून, एकही वेळ न चुकवता. पापणी धरताना तिचा अंगठा दुखेल इतका दाबतो. मी हूं की चूं करत नाही.