दोन्या सेनोबियाच्या मोत्यांच्या चोखण्या

आमच्या पुएब्लाच्या बाजारात सेनोबियाबाईच्या, आमच्या बोलीत दोन्या सेनोबियाच्या, तावडीतून सुटलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही. कुणाचं लंगडणं, कुणाचं बोबडं बोलणं, मेलेल्या माणसाचा शेवटचा खोकलासुद्धा ती अशी हुबेहूब करायची, की त्याची विधवाही हसून हसून डोळे पुसायची. शेजारच्या गाळ्यातलं माझं घोरणं तर ती गिऱ्हाइकाला मालावर फुकट द्यायची.

तिचा धंदा बाळ येशूच्या मूर्तीच्या कपड्यांचा. कांदेलारियाच्या सणाला घरोघरची मूर्ती नटूनथटून चर्चमध्ये जाते. त्याआधी जे विकलं जाईल, त्यावरच सेनोबियाची वर्षभराची चूल. यंदा तिने मूर्तीसाठी मोती चिकटवलेल्या चोखण्या केल्या होत्या. दिसायला खऱ्या बाळांना रडू नये म्हणून तोंडात देतात तशाच, फक्त बोटाच्या पेराएवढ्या. होतं नव्हतं ते सगळं तिने त्यात घातलं.

आणि बाजारातला माल तपासणारा तपासनीस बास्केस आला.

"बाई, चोखण्यांचं हे ताट उचला. चोखणीसारखं जे दिसतं, त्याला चोखणीचाच नियम. ओठांबाहेरची चकती तोंडात न जाण्याएवढी मोठी हवी, तिला हवेची भोकं हवीत, आणि काही निखळता कामा नये."

"अहो साहेब, माझं गिऱ्हाईक मातीचं. ते गिळत नाही."

"मूर्ती घेणाऱ्या बाईच्या कडेवर दुसरं असतं. ते गिळतं."

"मग पाटी लावते. खऱ्या बाळांसाठी नाही म्हणून."

"बाळ वाचणार का ती?"

बाजार हसला. पहिल्यांदाच सेनोबियावर हसला, आणि तेवढं मात्र तिला सोसणारं नव्हतं. तिने एक चोखणी उचलून तोंडात टाकली, गाल फुगवले, डोळे वटारले. "हे बघा साहेबांचं तान्हं!" असं म्हणून चुकुचुकु चोखायला लागली. आम्ही टाळ्या पिटल्या. मग तिने गळा धरला. फळीवर हात आपटले. चेहरा निळा पडला, गुडघे वाकले.

"वा दोन्या, आज तर कमाल केलीस!" समोरचा देवदूतांचे पंख विकणारा एलाडिओ ओरडला, "जीभ अजून बाहेर काढ!"

तिने काढली.

बास्केसला विनोदाचं अंग नाही, म्हणून तो एकटाच हसत नव्हता. त्याने तिला वाकवून पाठीत दणके घातले, तेव्हा चोखणीवरून निखळलेला मोती बाहेर पडला. आवाज मात्र घशातच राहिला. डॉक्टर म्हणाले, कंठाला इजा झाली आहे, यायचा तेव्हा येईल. ताट बास्केस घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी एलाडिओने स्वतःच्या चोखण्या मांडल्या. मोती थोडे मोठेच. "सेनोबियाच्या घशात गेली ती हीच!" त्याच्याकडे रांग लागली. साहेब एका सणाला दोनदा येत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सेनोबिया गळ्याला लोकर गुंडाळून बसली होती. समोर एलाडिओकडे एका बाईने मूर्तीसाठी चोखणी घेतली. शालीतल्या बाळाने ती ओढून तोंडात घातली. सेनोबिया ताडकन उठली. गळा धरला, फळी बडवली, बोट दाखवलं, डोळे बाहेर आले.

"सुरू झाली बघा!"

"आज आवाजाविना!"

सगळ्यात जास्त हसली ती बाळाची आई. सेनोबियाने धावत जाऊन बाळाच्या तोंडातली चोखणी उपसली. बाळाने भोकाड पसरलं. आईने तिच्या थोबाडीत दिली.

"म्हातारे! तुझा माल गेला म्हणून माझ्या लेकराच्या तोंडातलं काढतेस?"

"रडू नको रे राजा," एलाडिओ म्हणाला आणि बाळाच्या मुठीत त्याने दुसरी चोखणी दिली. फुकट.