सगळ्यांना ठाऊक असलेली बिअर

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेशंट सलाईन उपटून पलंगावरून उतरायला निघाला. आदल्या दिवशी ज्या पायात रॉड घातला होता, त्याच पायावर. चौघांनी त्याला दाबून धरलं. भिंतीवरून मुंग्या येताहेत म्हणत होता. अंग घामाने निथळत होतं, हात लटलट कापत होते.

मी परभणीत भूलतज्ज्ञ आहे. भूल देण्याआधी प्रत्येकाला विचारतो, दारू घेता का? रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की मेंदू बिथरतो. त्याला आम्ही विड्रॉवल म्हणतो. झटका येऊन माणूस जाऊसुद्धा शकतो. आधी कळलं तर औषध सुरू करता येतं.

या पोरालाही विचारलं होतं. ताडकळसकडचा, जेसीबी चालवणारा, मोटारसायकलवरून पडलेला. उत्तर दिलं वडिलांनी. ते शाळेत गुरुजी. "आमच्या घरात कोणी शिवत नाही, सर." शेजारी बसलेल्या आजोबांनी तोंड उघडलं, तर गुरुजींनी त्यांना चहाला पाठवून दिलं.

आता तेच गुरुजी म्हणाले, "सर, भुलीचं इंजेक्शन डोक्यात गेलं वाटतं."

माझं डोकं सटकलं. "गुरुजी, पोरगं हातचं जाईल. किती पितो ते बोला."

बोलले आजोबा. "म्या शिंदी प्यालो, पण चारचौघांत बसून. ह्यो गुरुजी झाला अन् मला तोंड लपवायला लावलं. नातू रोज चार-पाच बियर पितो. सकाळी उठला की एक. ह्याला म्हणलं, पोराकडं बघ. तर म्हणतो, बियर म्हंजी दारू न्हाई."

"मग काल का लपवलं?" मी वॉर्डातच ओरडलो.

"तिथं पोरीकडचे सोयरे बसले होते, सर," गुरुजी पुटपुटले. "पुढच्या महिन्यात पोराचं लगीन हाय. मोडलं असतं तर?"

पोराला आयसीयूत हलवलं. औषधं चालू केली, हात बांधून ठेवावे लागले. दोन रात्री त्याची आई दाराबाहेर बसून होती. तिसऱ्या दिवशी त्याने तिला ओळखलं.

डिस्चार्जच्या दिवशी मुलीचे वडील माझ्या केबिनमध्ये आले. "डॉक्टरसाब, ते बियरचंच झालतं ना?"

पेशंटची गोष्ट मी बाहेर सांगत नाही.

"आमाला ठावं हाय की. सुपारी फुटायच्या आधीच चौकशी केलती. आजकालची सगळीच पोरं घेतात. लग्न झालं की सुटती."

"लेकीला सांगितलंय?"

"तिला काय सांगायचं त्यात?"

मी त्यांना बाहेर जायला सांगितलं. नीट शब्दांत सांगितलं नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

आता मी दारू विचारून थांबत नाही, बिअरही विचारतो. सोयऱ्याधायऱ्यांना बाहेर काढतो आणि म्हाताऱ्या माणसाला चहाला जाऊ देत नाही. त्या पोराचं पिणं गावाला ठाऊक होतं, बापाला ठाऊक होतं, सोयऱ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते दोघांनाच. एक त्याला भूल देणारा, आणि दुसरी त्याच्याशी लग्न करणारी.