क्रियापदाचा निकाल

तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. शेजारच्या टेबलावर अर्ज टाइप करून देणारे एक काका बसतात. ‘तो’ या शब्दावर त्यांचा काडीचाही विश्वास नाही.

“‘मालक नोकरावर चिडला, कारण तो’ एवढं वाचलं का लोक नोकराचीच चूक धरते गा,” ते मला समजावतात. “अन् ‘मालकानं नोकराची माफी मागितली, कारण तो’ म्हटलं का मालक फसला! क्रियापदच निकाल देऊन टाकते.”

म्हणून ते ‘तो’ खोडून पूर्ण नाव घालतात. बोकड चोरीला गेल्याच्या अर्जात त्यांनी बोकडाचंही नाव विचारलं होतं.

परवा भिवापूरचे दोन भाऊ समेटाचा कागद करायला आले. मिरची वाळवायच्या अंगणावरून त्यांचं बोलणं बंद होतं. काकांनी ‘थोरल्यानं धाकट्याला माफ केलं’ असं टाइप करताच धाकटा उखडला, “म्हणजे मीच चुकलो काय?” ‘धाकट्याची माफी मागितली’ म्हणताच थोरला चप्पल घालू लागला. ‘समजावलं’, ‘मनवलं’, सगळं करून झालं.

शेवटी काकांनी कुणालाही न विचारता टाइप केलं, ‘थोरला धाकट्याला भेटला, कारण तो एकटा पडला होता.’

थोरल्यानं वाचलं आणि धाकट्याकडे कळवळून पाहिलं. धाकट्यानं वाचलं आणि थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला. सह्या झाल्या. दोघं एकाच मोटरसायकलवर बसून गेले.

“काका, एकटं पडलं होतं कोण?” मी विचारलं.

“मले काय मालूम गा? पण त्या दोघायले पक्कं मालूम आहे.”