वसीलामावशीच्या फाइलीतल्या पहिल्या दोन ओळी

स्फाक्स शहरातल्या ऑलिव्हच्या तेलघाण्यावर रांगेत कुजबुज होती, की वसीलामावशीनं संगणकात जिन्न कोंडलाय. त्याला उघडते, ओठांत काहीतरी पुटपुटते, बंद करते, पुन्हा उघडते.

जिन्न-बिन्न काही नव्हता. मावशी सेकंद मोजत होती.

कुणाचे ऑलिव्ह कधी घाण्यात पडायचे, हे ती बारा वर्षं एकाच साध्या मजकुराच्या फाइलीत लिहीत आली होती. ओळी झाल्या तीस हजार, आणि उघडायला लागायचे एकेचाळीस सेकंद. वजनकाटाही त्याच संगणकावर. म्हणून दर गाडीला फाइल बंद, काटा चालू, पुन्हा फाइल. तोवर रांग वाढायची, पोत्यात ऑलिव्ह तापायचे, तेल आंबायचं.

“वसीला, संध्याकाळपर्यंत ही फाइल झटकन उघडली पाहिजे, काय?” मालक हाजी लमीन म्हणाले. “नाहीतर तुझं हे बाड गुंडाळायचं, आणि मी रंगीत प्रोग्राम आणणार, काय?”

फाइलीच्या डोक्यावर संगणकाला सूचना देणाऱ्या दोन ओळी होत्या. एक सांगे, उघडताना कामं मथळ्याखाली मिटलेली ठेव. दुसरी सांगे, पोटकामं आत सरकवून दाखव. मावशीनं एका वेळी एकच बदलली. दर खेपेला संगणक पुरता बंद करून चालू केला. “आत्ताच उघडलेली फाइल संगणकाच्या लक्षात असते, गरम असते. गरम मोजलं की आकडा खोटं बोलतो.” प्रत्येक प्रकार पाच-पाचदा मोजून खडूनं भिंतीवर.

“मिटलेलीच लवकर उघडणार, काय?” हाजी हसले. “दिसायला कमी, तर कामही कमी.”

“घडी घालायची तर चादर आधी पसरावी लागते, हाजी.”

मिटलेली, एकेचाळीस. उघडी, अडतीस. मग आत सरकवणारी ओळ काढून मिटलेली मोजली, तर सहा. दोन्ही ओळी काढल्या.

तीन.

बारा हंगाम, तीस हजार ओळी, वारलेल्या म्हाताऱ्यांची नावंसुद्धा, एका श्वासात समोर उभी. दारातले गाडीवाले टोप्या हातात घेऊन बघत राहिले. नव्या तेलाचा पहिला घास मालकाचा, अशी घाण्याची रीत. हाजींनी भाकर मोडली, तेलात बुडवली आणि मावशीपुढे धरली.

रंगीत प्रोग्राम आला नाही.

मिटलेलीच जिंकणार, अशी पैज रांगेत उभ्या असलेल्या मीही गाडीवाल्यांशी लावली होती. हरले. अट अशी, की रांगेत मी करते ती मावशीच्या आणि हाजींच्या आवाजाची नक्कल हंगाम संपेस्तोवर बंद. त्यांचं बोलणं लिहायचं नाही, असं मात्र ठरलं नव्हतं.